सॅन्सा क्लिप प्लस कॉम्प्युटरला दिसंना गेलाय, आत काकड्याच्या चाली आहेत

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ९.२०

राम राम मंडळी. सेलू तालुक्यातून लिहायलोय.

घरात सॅनडिस्कचा सॅन्सा क्लिप प्लस हा खिशातला गाण्यांचा प्लेअर आहे, ४ जीबीचा. थोरल्या भावानं पुण्याला शिकायला असताना घेतलेला. आता तो अण्णांच्या खिशात असतो. पेरणी असो, काढणी असो, कानात वायर आणि अभंग चालू.

अडचण अशी की लॅपटॉपला लावला की चार्जिंग सुरू होतं, बॅटरीचं चिन्ह हलतं, पण लॅपटॉप हूं का चूं करीत नाही. ते ‘टिंग’ वाजतं ना, ते पण नाही. धिस पीसीत काहीच येत नाही. विंडोज ११ आहे. दुसऱ्या पोर्टला लावून बघितलं, रिस्टार्ट मारलं. तेच.

प्लेअर तसा चांगला आहे, गाणी वाजायलेत. पण त्यातल्या व्हॉइसमध्ये आमच्या गावच्या बुवांनी म्हटलेल्या काकड्याच्या चाली रेकॉर्ड केलेल्या आहेत. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, जोगी, गवळणी, सगळं. बुवा आता थकलेत, दोन कडवी म्हटली की दम लागतो. मंडळात नवी पोरं आलीत, त्यांना ह्याच चाली बसवायच्यात. कोजागिरीपासून काकडा उभा राहतो. त्याच्या आत हे सगळं मोबाइलवर घेऊन पोरांना द्यायचंय.

कुणाला माहीत असेल तर सांगा बा.

---

फटफटी | सोमवार, रात्री ९.३४

सोपंय. प्लेअरच्या सेटिंगमध्ये सिस्टिम सेटिंग, त्यात फॉरमॅट आहे. दाब आणि मोकळा हो. माझ्या मित्राचा असाच चालू झालता.

---

बालाघाट | सोमवार, रात्री ९.४१

फटफटी भाऊ, माणूस चाली वाचवायच्या म्हणतोय आणि तुम्ही पाटी पुसायला सांगायलात. बुवांना कळलं तर काठी घेऊन येतील अंबाजोगाईपर्यंत.

दुधनाकाठ, फॉरमॅटला हात लावू नको. प्लेअर अडकल्यासारखा वाटला तर पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धर, तो बंद होईल, मग परत चालू कर. त्यानं आतलं काही जात नाही. बाकी जाणकार येतील.

---

जालन्याचा | सोमवार, रात्री ९.५८

केबल कोणती लावली? क्लिप प्लसला मिनी यूएसबी लागते, जुन्या मोटोरोलाची असायची ती जाड पिन. ती आता दुकानात मिळाली तरी बऱ्याचदा नुसती चार्जिंगची मिळते. बाहेरून ओळखू येत नाही. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, आणि पांढरी-हिरवी डेटाची. स्वस्तातल्या केबलमध्ये पांढरी-हिरवी टाकतच नाहीत. करंट जातो, पण बोलणं होत नाही. तुझ्याकडं नेमकं तसंच दिसतंय: चार्ज होतोय, आवाज नाही.

जुना डिजिटल कॅमेरा कुणाकडं आहे का बघ. त्याच्यासोबत आलेली केबल बहुतेक डेटाची असते.

---

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

केबल बसस्टँडसमोरून आणलेली आहे, मूळची हरवली. कॅमेऱ्याची कुणाकडं मिळते का बघतो. मामाकडं एक कॅमेरा होता लग्नातला.

---

रेडिओकाका | मंगळवार, सकाळी ६.५०

नमस्कार. नांदेडला वजिराबादेत रेडिओ-टेप दुरुस्तीत माझी उमर गेली. कॉम्प्युटरचं मला बेताचंच कळतं, पण एक गोष्ट सांगतो, ती आधी करा.

प्लेअर वाजतोय ना? मग केबलचं नंतर बघा, आधी आवाज बाहेर काढून घ्या. कॉम्प्युटरनं ओळखलं काय, न ओळखलं काय, हेडफोनच्या भोकातून आवाज येतोच आहे. दुरुस्तीला आलेल्या कॅसेटीचं आम्ही हेच करायचो. टेपची पट्टी गुंतलेली असली तरी पहिल्यांदा जे वाजतंय ते दुसऱ्या डेकवर उतरवून घ्यायचं, मग स्क्रू खोलायचा. खोलल्यावर काय होईल ते ब्रह्मदेवाला पण माहीत नसतं.

काय लागेल ते सांगतो. दोन्हीकडं साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली ऑक्स केबल, गाडीत लावतात ती. एक टोक प्लेअरला, एक लॅपटॉपला. लॅपटॉपला माइकचं वेगळं भोक असेल तर काम झालं. नसेल आणि हेडफोन-माइकचं एकच भोक असेल तर जपून. त्या भोकाला तीन काळ्या रेघांची पिन लागते, त्यातला एक भाग माइकचा असतो. साध्या ऑक्सला दोनच रेघा असतात. ती घातली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लागला, आणि तासभर रेकॉर्ड करून हाती कोरी फाइल येते. अशा वेळी माइक-हेडफोन वेगळं करणारी छोटी वायर मिळते ती घ्या, नाहीतर यूएसबीला लावायचं साउंड कार्ड घ्या. ते फार महाग नसतं.

ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नातवानं मला टाकून दिलंय. त्यात रेकॉर्ड करा. माइकचं भोक नाजूक असतं, हेडफोनचा आवाज त्याला जास्त होतो. म्हणून प्लेअरचा आवाज निम्म्याच्या खालीच ठेवा, आणि टाळ जोरात वाजतात तिथं पट्टी लाल होतेय का तेवढं बघा. लाल झाली की तो भाग फाटला, नंतर काही करता येत नाही. प्लेअरचा इक्वलायझर नॉर्मलला ठेवा.

आणि प्लेअरची पाठ बोटानं चाचपून बघा. फुगल्यासारखी असेल तर चार्जिंगला लावू नका, आत लिथियमची बॅटरी आहे. दाबायची नाही, टोचायची नाही.

---

टर्मिनलवाली | मंगळवार, सकाळी ९.०५

काकांचं शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर घालते.

विंडोज ११ मध्ये माइकच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ असतं, ते बंद करा. लॅपटॉप कंपन्यांचं गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर असतं, ते पण बंद. ते माणसाचं बोलणं ठेवून बाकी सगळं दाबतं. त्याच्या लेखी टाळ-पखवाज म्हणजे पंख्याची घरघर. बुवा नुसते बोलताना ऐकू येतील आणि पखवाज मधेच गायब होईल.

मी लातूरची, नोकरीला पुण्यात. कॅमेऱ्याची केबल मिळाली की सांगा दादा, पुढचं आपण करू. मूळ फाइल मिळाली तर ती केव्हाही चांगली, हेडफोनमधून उतरवलेली प्रत दुय्यमच. पण आधी ती असू द्या हातात.

---

फटफटी | मंगळवार, दुपारी १२.३०

एवढी कटकट करण्यापेक्षा बुवांना मोबाइलसमोर बसवा की परत.

---

बालाघाट | मंगळवार, दुपारी १२.४४

वर लिहिलंय, दम लागतो म्हणून. वाचत जा भाऊ.

---

दुधनाकाठ | बुधवार, रात्री ११.१०

काका, तुमची युक्ती चालली!

लॅपटॉपला एकच भोक आहे. सेलूत ती दोन तोंडाची वायर मिळाली. संध्याकाळी बसलो तर लाइट गेली, पण लॅपटॉपला बॅटरी होती. भूपाळ्या, वासुदेव आणि गवळणी उतरवून झाल्या. ताईंनी सांगितलं ते एन्हान्समेंट पहिल्या खेपेला चालूच होतं आणि खरंच, पखवाज आत-बाहेर करायला लागला होता. बंद केल्यावर एकदम स्वच्छ. बुवा मधे थांबून “हं, इथं उचला” म्हणतात, ते पण आलंय.

पाठ फुगलेली नाही, सपाट आहे.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, जोगी आणि आंधळे-पांगुळ लै लांब आहेत, प्लेअरची बॅटरी आता तेवढी टिकत नाही, मधेच बंद पडतो. दुसरं म्हणजे एक रेकॉर्डिंग लिस्टमध्ये दिसतं पण वाजत नाही, शून्य मिनिट दाखवतं. अण्णा म्हणतात ते शेवटच्या रात्रीचं आहे, बुवांनी स्वतः जोडलेली चाल त्यात आहे आणि रेकॉर्ड करता करता बॅटरी गेली होती.

मामाकडची कॅमेऱ्याची केबल उद्या येते.

---

रेडिओकाका | गुरुवार, सकाळी ६.३०

शाब्बास. “इथं उचला” हे कापू नका. पोरांना तेच कामाला येईल.

---

दुधनाकाठ | गुरुवार, रात्री ८.४०

केबल आली. लावली. आता लॅपटॉप ‘टिंग’ करतो पण लगेच खाली निरोप येतो: यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड. केबल हलवली की कधी येतो, कधी जातो.

---

टर्मिनलवाली | गुरुवार, रात्री ९.०२

ही प्रगती आहे, वाईट वाटून घेऊ नका.

काय होतंय ते सांगते. यूएसबीचं यंत्र लावलं की ते डेटाच्या दोन तारांपैकी डी-प्लस नावाची तार एका १.५ किलोओहमच्या रेझिस्टरमधून वर ओढतं. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दाराशी कुणीतरी आलं. मग तो विचारतो, तू कोण, कुठल्या कंपनीचा, काय करतोस. त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात. तुमच्याकडं दार वाजतंय पण उत्तर तुटक येतंय. म्हणजे जुन्या केबलचा प्रश्न होताच, तो सुटला. आता राहिला तो बहुतेक जोडाचा. हलवल्यावर येतो-जातो म्हणालात, त्यामुळं सॉफ्टवेअरवर माझा संशय कमी आणि सॉकेटवर जास्त.

तरी दोन सोप्या गोष्टी आधी. हब किंवा एक्स्टेन्शन मधे असेल तर काढा. सरळ लॅपटॉपला लावा. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, प्लेअर काढा, रिस्टार्ट करून परत लावा. विंडोज कधीकधी पहिल्या वेळचं बिघडलेलं उत्तर धरून बसतं.

त्यानं झालं नाही तर काकांकडं. सॉकेट त्यांचा प्रांत.

---

रेडिओकाका | शुक्रवार, सकाळी ७.१५

अण्णा प्लेअर कुठल्या खिशात ठेवतात? शेतात सोयाबीन काढताना, मळणी यंत्राजवळ?

---

दुधनाकाठ | शुक्रवार, सकाळी ७.४०

वरच्या खिशात. आणि हो, सध्या मळणीच चालू आहे. 😄

---

रेडिओकाका | शुक्रवार, सकाळी ८.०५

तर मग भुसकट.

मोबाइलचा टॉर्च लावून सॉकेटमध्ये उजेड टाका. मिनी यूएसबीत मधे एक चपटी जीभ असते, तिच्यावर पाच बारीक पितळी पट्ट्या. तिच्या दोन्ही बाजूंनी काय अडकलंय ते बघा. आमच्याकडं सोयाबीनचा हंगाम आला की असे चार्जिंग न होणारे मोबाइल रोज यायचे. धूळ आणि तेलकट भुसकट, पिन घालून घालून आत दाबलं जातं आणि त्याचा थर बसतो. पिन अर्धीच जाते. कडेच्या पट्ट्यांना लागते, मधल्यांना नाही. यूएसबीत करंटच्या पट्ट्या कडेला असतात आणि डेटाच्या आत. म्हणून चार्जिंग होतं, बाकी नाही.

प्लेअर आधी बंद करायचा. लाकडी दातकोरणं घ्यायचं, टोक थोडं चपटं करायचं. सुई, टाचणी, सेफ्टीपिन अजिबात नाही, जीभ मोडली की नवा सॉकेट. हळूहळू बाहेर ओढायचं, आत ढकलायचं नाही. तोंडानं फुंकायचं पण नाही, थुंकीचा ओलावा जातो. कानातला कापसाचा बोळा नको, त्याचेच धागे आत राहतात.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं मिळेल. जुन्या मऊ दातब्रशाला दोन थेंब लावून हलक्या हातानं फिरवा. अर्धा तास वाळू द्या. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर तर नावच काढू नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं.

एवढं करून पिन खटकन बसली आणि तरी हलली की सुटत असेल, तर सॉकेटचा टाका सुटलाय. त्याला परत सोल्डर मारावं लागतं. ते घरी करू नका, बोर्ड फार बारीक आहे. कुणाकडून करून घ्याल त्याला “फ्लक्स लावून फक्त जुना टाका गरम कर, सॉकेट बदलू नको” म्हणून सांगा.

---

बालाघाट | शुक्रवार, सकाळी ८.३०

काका म्हणजे डॉक्टर. नाडी न बघता “कालच्याला काय खाल्लं” विचारतात.

---

माजलगावकर | शुक्रवार, सकाळी १०.१२

विषय थोडा बाजूला जाईल, पण राहवत नाही. अशा जुन्या चाली निघाल्या की त्या एकाच मंडळात ठेवू नका. जात्यावरच्या ओव्यांचं काम गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून केलं, एक लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. त्यात आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या पण आहेत. काकड्याच्या चालींचं असं कुणी केलेलं माझ्या कानावर नाही. प्रत्येक गावाचा जोगी वेगळा, पुढच्या गावाला गेलं की उचल बदलते.

---

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री ९.५०

काका, दंडवत!

भुसकट निघालं. जिभेच्या खालच्या बाजूला पिवळट थर होता, दातकोरण्यानं ओढला तर एक अख्खा तुकडाच बाहेर आला. अण्णांना दाखवला तर म्हणाले, “ह्याच्यात पण सोयाबीन पिकलं व्हय.” अल्कोहोल सेलूत मोबाइलवाल्यानं छोट्या बाटलीत ओतून दिलं. वाळवून लावलं तर पिन पहिल्यापेक्षा खोल बसली आणि खटका जाणवला.

लॅपटॉपनं ओळखला! पण ड्राइव्ह म्हणून नाही. पोर्टेबल डिव्हाइसेसमध्ये सॅन्सा असं नाव येतंय आणि त्यावर पिवळं चिन्ह. उघडलं तर फोल्डर कोरं.

---

टर्मिनलवाली | शुक्रवार, रात्री १०.१०

आता आलं माझ्या हद्दीत.

हा प्लेअर कॉम्प्युटरशी दोन पद्धतीनं बोलतो. एक एमटीपी. त्यात तो फाइल थेट दाखवत नाही. कॉम्प्युटर मागतो आणि प्लेअर देतो. त्याला विंडोजचे मीडियाचे भाग आणि एमटीपीचा ड्रायव्हर नीट असावे लागतात, आणि जुन्या यंत्रांशी नव्या विंडोजचं इथं बिनसतं. दुसरी एमएससी. त्यात प्लेअर साध्या पेनड्राइव्हचं रूप घेतो, ड्राइव्हला अक्षर मिळतं, ड्रायव्हरचं झंझट नाही.

केबल काढा. प्लेअरमध्ये सेटिंग, सिस्टिम सेटिंग, यूएसबी मोड. तिथं ऑटो डिटेक्ट असेल. ते एमएससी करा. मग लावा.

एमटीपीतच काम करायचं असलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या चिन्हावर अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’, आणि यादीतून एमटीपी यूएसबी डिव्हाइस निवडायचं. बऱ्याच जणांचं त्यानंही होतं. पण तुम्हाला एमएससीच हवं, पुढं त्या शून्य मिनिटांच्या फाइलसाठी लागणार आहे.

एक ताकीद. ड्राइव्ह दिसला की विंडोज बहुतेक म्हणेल, ड्राइव्हमध्ये गडबड आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का. नाही म्हणा. फॉरमॅट करू का विचारलं तरी नाही म्हणा. आधी सगळं कॉपी.

---

दुधनाकाठ | शनिवार, सकाळी ११.३०

झालं. एमएससी केल्यावर ई ड्राइव्ह आला. तुम्ही म्हणालात तसंच त्यानं विचारलं, नाही म्हटलं. रेकॉर्ड नावाचं फोल्डर आहे, त्यात व्हॉइस, त्यात सगळ्या वेव्ह फाइली. जोगी, आंधळे-पांगुळ, सगळं लॅपटॉपवर आलं, पेनड्राइव्हवर पण टाकलं. भावाला पुण्याला पाठवून दिलं.

राहिली ती एक. तिचा आकार ० केबी दाखवतोय.

---

टर्मिनलवाली | शनिवार, दुपारी १.१५

ही बहुतेक सापडेल, कारण तुम्ही फॉरमॅट केलेलं नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना प्लेअर आवाज मेमरीत लिहीत जातो, पण फाइल किती मोठी झाली याची नोंद बहुतेक वेळा शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर करतो. बॅटरी आधीच गेली तर माल गोदामात आहे पण वहीत शून्य. असे नोंद नसलेले तुकडे आत पडून असतात, नंतर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर.

त्यानंतर प्लेअरमध्ये नवी गाणी भरली होती का? रेकॉर्डिंग केलं होतं का?

---

दुधनाकाठ | शनिवार, दुपारी १.४०

नाही ताई. केबलच हरवली होती ना, भरणार कशी.

---

टर्मिनलवाली | शनिवार, दुपारी २.२०

केबल हरवली ते बरंच झालं म्हणायचं.

हा क्रम बदलू नका.

पहिलं काम, प्लेअरची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आतल्या सगळ्याची जशीच्या तशी एक प्रत. विन३२ डिस्क इमेजर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइलचं नाव द्या, ई ड्राइव्ह निवडा आणि ‘रीड’ दाबा. ‘राइट’ नाही. राइट म्हणजे लॅपटॉपवरचं प्लेअरवर, सगळं उलटं होईल. ४ जीबीच्या आसपासची एक फाइल तयार होईल. पुढं काही बिघडलं तर ह्या फाइलवरून परत काम करता येईल.

ती झाल्यावरच कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. चेकडिस्कची कमांड, म्हणजे सी-एच-के-डी-एस-के, मग ई आणि कोलन, मग तिरकी रेघ आणि एफ. ती विचारेल, हरवलेल्या साखळ्या (म्हणजे तेच नोंद नसलेले तुकडे) फाइलमध्ये बदलू का. तिथं वाय. एन दाबलं तर ती जागा मोकळी करून टाकते, आणि मग आपल्या हाती धुपाटणं. वायनंतर ड्राइव्हवर फाउंड.००० असं लपलेलं फोल्डर येईल, त्यात सीएचके शेपटीच्या फाइली. मोठी असेल ती आपली असण्याची शक्यता.

ती वाजणार नाही, कारण तिला वेव्हचं धड डोकं नाही. ऑडॅसिटीत फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा. साइन्ड १६ बिट पीसीएम, मोनो. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, तुमच्या दुसऱ्या चांगल्या फाइलचा बघा आणि तोच टाका. एकाच प्लेअरनं केलंय म्हणजे सारखाच असणार.

---

फटफटी | शनिवार, दुपारी ३.००

ताई, एवढं कुठं शिकलात?

---

टर्मिनलवाली | शनिवार, दुपारी ३.१२

लोकांनी फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर. 🙂

---

दुधनाकाठ | रविवार, रात्री १०.३५

मंडळी, सापडली!!

प्रतिमा झाली, मग चेकडिस्क. वाय दाबताना हात थरथरला. फाउंड फोल्डर आलं, आत बारक्या बारक्या बऱ्याच आणि एक मोठी. ऑडॅसिटीत घातली. पहिल्यांदा रेट टाकायचा राहिला आणि जे होतं तेच वाजवलं, तर बुवा एकदम चिरक्या आवाजात, पखवाज धावतोय, आई हसून हसून बेजार. मग चांगल्या फाइलचा आकडा बघून टाकला. बुवांचा खरा आवाज आला.

सुरुवातीला एक टक्कन आवाज येतो, शेवट तुटलेला आहे, अर्ध्या ओळीवर. पण चाल पूर्ण आहे.

आज संध्याकाळी मंदिरात नेऊन बुवांना ऐकवली. डोळे मिटून ऐकत होते. मधेच हात वर करून थांबवायला लावलं आणि म्हणाले, “हितं मी चुकलोय. हे पोरांना असं शिकवू नका.” मग बसल्या जागी ती एक ओळ पुन्हा म्हणून दाखवली. ती मोबाइलवर घेतली.

काका, ताई, बालाघाट भाऊ, जालन्याचे भाऊ, सगळ्यांचे आभार. सेलूला आलात तर घरी या.

---

रेडिओकाका | सोमवार, सकाळी ६.४०

फार छान. आता अण्णांना सांगा, मळणीच्या वेळी प्लेअर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा, नुसती हेडफोनची वायर बाहेर. बॅटरी जुनी झालीय, ती बदलायची तर तिच्यावर लिहिलेला आकार आणि व्होल्ट बघून तशीच घ्या, मोठी कोंबू नका.

---

माजलगावकर | सोमवार, सकाळी ९.२०

बुवांनी नंतर म्हटलेली ओळ आणि जुनी फाइल, दोन्ही ठेवा. फाइलला नाव देताना गाव, कुणी म्हटलं, काय आहे, कोणत्या वर्षी, एवढं तरी घाला. रेकॉर्ड-एक, रेकॉर्ड-दोन असं ठेवलं तर दहा वर्षांनी कुणालाच कळणार नाही जोगी कुठला आणि गवळण कुठली.

---

खामकाठी | सोमवार, दुपारी ४.०५

संभाजीनगरहून. याच धाग्यात विचारतो. माझ्याकडं जुना आयपॉड क्लासिक आहे, विंडोजला लावला की तो पण फॉरमॅट करा म्हणतो. आत माझ्या मावशीची गाणी आहेत. त्याला पण एमएससी करायचं का? तसा पर्याय सापडंना.

---

टर्मिनलवाली | सोमवार, सायंकाळी ६.५०

आयपॉडमध्ये तो पर्याय नसतो. मावशी मॅक वापरायच्या का? मॅकवर तयार केलेला आयपॉड मॅकच्या पद्धतीनं, एचएफएस प्लसमध्ये असतो. विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून ते बिघडलाय समजून फॉरमॅट करा म्हणतं. बिघडलेला काही नसतो. फॉरमॅट करू नका, कुणाचा मॅक मिळतो का बघा.

विंडोजवरच तयार केलेला असेल तर डिस्क मोडमध्ये घाला. आधी होल्डचा खटका एकदा लावून काढा. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद आलं की सोडा आणि लगेच मधलं आणि प्ले-पॉझ दाबून धरा. पडद्यावर डिस्क मोड असं येईल.

---

खामकाठी | मंगळवार, रात्री ८.१५

मॅकच होता. कॉलनीत एकाकडं मॅकबुक आहे, त्याच्यावर लगेच दिसला. पण गाणी कुठंच नाहीत, नुसतं कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स आणि नोट्स अशी फोल्डरं आहेत.

---

टर्मिनलवाली | मंगळवार, रात्री ८.४०

गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबा, लपलेलं दिसायला लागेल. आयपॉड कंट्रोल, त्यात म्युझिक, त्यात एफ००, एफ०१ अशी फोल्डरं. आतल्या फाइलींची नावं चार अक्षरांची, काहीच अर्थ नसलेली दिसतील, घाबरू नका. गाण्याचं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये असतं. सगळी फोल्डरं जशीच्या तशी कॉपी करा आणि कुठल्याही प्लेअरमध्ये टाका, नावं आपोआप दिसतील. मूळ आयपॉडवरचं काही पुसू नका. आणि पुढं काही अडलं तर नवा धागा काढा, हा काकड्याचा आहे.